पिठाचा गोळा

ती केस आजही आठवते, आणि आधी आठवतो तो एका लहान मुलीचा उजवा गाल.

नव्वदच्या दशकातला सुरतेचा उन्हाळा. मी तिथे फौजदार होतो. पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेचे शास्त्रज्ञ फिर्याद द्यायला पोलीस ठाण्यात आले. टकलावर केस यावेत म्हणून ते नवं औषध शोधत होते, त्याची बाटली चोरीला गेली होती. केसांसाठी एवढी धावपळ? आमचे जमादार हसले. शास्त्रज्ञ हसले नाहीत. औषधाने उंदरांना दाट केस आले होते, पण काहींची हृदयं बंद पडली होती. माणसावर ते अजून वापरलंच नव्हतं. चोरापेक्षा बाटली सापडणं निकडीचं होतं.

खबर दिली लिंबायतच्या एका न्हाव्याने. प्रयोगशाळेचा सफाई कामगार, मूळचा खानदेशातला, तिशीतच टकला झालेला, दाढी करतानाही हल्ली टोपी काढत नव्हता. त्याला ठाण्यात आणला. टोपीखाली काळी लव उगवली होती. कांद्याचा रस लावतो, म्हणाला. दम दिला, गोड बोललो. त्याचा कांदा काही सुटेना.

पंच बोलावून, त्याला सोबत घेऊन नवागामच्या त्याच्या खोलीची झडती घेतली. काही मिळालं नाही. कोपऱ्यात त्याची बायको मुलीच्या गालावर पिठाचा गोळा फिरवत होती. लव जावी म्हणून तान्ह्या बाळांना आपल्याकडे असं करतात, माझ्याही घरी केलं होतं. पण ही पोर चांगली तीन वर्षांची, आणि गोळा एकाच गालावर फिरत होता. बाई म्हणाली, तिथेच केस आलेत, पोर जेवत नाही, नुसती पडून असते. बाप खांद्यावर घेतो का, मी विचारलं.

"रोज, साहेब. त्यासना डोकावर गाल ठेईसन जपी जास."

म्हणजे घरात टोपी उतरली की पोर त्याच्या डोक्यावर गाल टेकून झोपायची, आणि डोक्यावरचं औषध गालाला लागत होतं. मी त्याचा हात मुलीच्या छातीवर ठेवला आणि उंदरांचं काय झालं ते सांगितलं. त्याने माझी बाही धरली.

"साहेब, मनी पोर वाची ना?"

बाटली त्याने छपराच्या पत्र्याखालून काढून दिली. पंचनामा मागून केला, आधी पोर जीपमध्ये घातली. हातात बाटली असल्याने डॉक्टरांना नेमकं कळलं, आणि ती वाचली.

जबाबात त्याने कारण सांगितलं. पोर खांद्यावर बसून टकलावर तबला वाजवायची आणि गल्ली हसायची.

माणूस स्वतःच्या जिवावर बेतलं तरी खोटं रेटतो, लेकराच्या जिवावर बेतलं की रेटत नाही. तेव्हापासून झडतीला गेलो की कपाटांआधी मी घरातली मुलं बघायचो.

कोर्टाच्या तारखेला तो डोक्याचा गोटा करून आला. पोर खांद्यावर तबला बडवत होती, आणि तिला नीट वाजवता यावं म्हणून तो मान जराही हलवत नव्हता.