मावशीची जागा स्पीकरला दिली

प्रवचनाला उभा राहिलो की माझा आवाज मलाच फार आवडतो. हा दोष आमच्या चर्चच्या मंडळीत सगळ्यांना माहीत होता. मला तो कळेपर्यंत एक माणूस गेला.

महिन्यातून दोन रविवारी दुपारी आम्ही दहिवलीहून रिक्षाने कडावच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याच्या एका वाडीवर जायचो. मी सुवार्ता सांगायला, एक ढोलकीवाला गाण्यांना, आणि मंडळीतली सत्तरीची मावशी प्रार्थनेला. मावशीने माझं प्रवचन एकदाही ऐकलं नाही. मी बोलत असेपर्यंत ती कुणाच्या तरी पडवीत डोळे मिटून बसायची. त्याआधी तासभर घरोघर फिरायची. ताप किती दिवस, जेवण जातं का, गोळ्या कोणत्या रंगाच्या, दिवसातून किती वेळा.

"देवाला गोळीचा रंग ठाऊक नाही का, मावशी?" मी एकदा टोमणा मारला.

"देवाला हाय रं. मला नाय."

मग मी स्पीकर आणला. चाकांचा, लाल-निळे दिवे लागणारा, वरातीत शोभेल असा. तो रिक्षात ठेवला की मागे दोघांपुरतीच जागा उरायची. ढोलकीवाला उतरला तर गाणी बुडणार. मी उतरलो तर, माझ्या मते, सगळंच बुडणार.

"तुमची प्रार्थना घरूनही पोचते, मावशी," मी म्हणालो.

"पोचते रं. पण कुणासाठी करायची ते घरी बसून कसं कळणार?"

मी हसलो आणि स्पीकर तिच्या जागेवर दोरीने बांधला.

मावशीशिवाय खेपा सुरू झाल्या. तिसऱ्या खेपेला मला असा काही रंग चढला की पलीकडच्या शेतावरची माणसं बांधावर येऊन उभी राहिली. वैद्यांनी हात टेकले तरी प्रभू टेकत नाही, विश्वास अर्धा ठेवू नका, पूर्ण ठेवा, असं मी गरजलो. शेवटच्या रांगेत एक हडकुळा माणूस डोळे पुसत होता. मला वाटलं, काय झकास बोललो आपण. निघताना त्याने माझा हात धरला, तेव्हा मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून चार वाक्यांत प्रार्थना उरकली. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

दोन महिन्यांनी स्पीकर बिघडला, म्हणून मावशी परत आली. नेहमीसारखी घरोघर गेली आणि एका घरातून लवकर बाहेरच येईना. मी आत डोकावलो. तोच हडकुळा माणूस अंथरुणावर होता. बायको त्याच्या पाठीला हात लावून बसली होती.

"टीबी हाय याला," मावशी माझ्याकडे न बघता म्हणाली. "गोळ्या बंद केल्यात. कवापासून, ते तूच इचार."

मी विचारलं नाही. बायकोनेच सांगितलं. "तुमी बोलून गेलात त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. म्हणाला, गोळी घेतली तर इस्वास अर्धा व्हईल."

त्याच रिक्षात त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. माझ्या जागेवर मावशी बसली, त्याचं डोकं तिच्या खांद्यावर. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पण फार उशीर झाला होता. पावसाळा संपायच्या आत तो गेला.

मावशीने प्रार्थना केली असती तर तो वाचलाच असता, असं मी म्हणत नाही. देवाच्या वतीने बोलायची खोड मी एकदा भोगली आहे. पण मावशी त्या रविवारांना वाडीवर असती, तर त्याच्या घरी गेली असती. मी काय बोलू नये, हे तिने मला मी उभा राहायच्या आधीच सांगितलं असतं. ती ज्याला प्रार्थना म्हणायची त्याची सुरुवात घरोघरच्या त्या विचारपुशीतून होती, आणि मी तिला शोभेची समजत होतो.

त्याच्या मातीनंतरच्या रविवारी मी वाडीवर उभा राहिलो. स्पीकर नव्हता. बोलायला लागण्याआधी मावशीला म्हटलं, "माझ्यासाठी करा." ती म्हणाली, "करते. तू आधी खरं बोल."

मी सांगितलं की औषध घेणं म्हणजे देवावर अविश्वास नाही, हे मी तेव्हा सांगायला हवं होतं, आणि सांगितलं नाही. माझ्या बोलण्याने या वाडीतला माणूस गोळ्या सोडून बसला. एवढंच. दोघे उठून गेले. बाकीचे खाली बघत राहिले. कुणीतरी खोकलं आणि सगळ्यांनी तिकडे पाहिलं.

त्याची बायको दारात उभी होती.

"हे तवा का नाय सांगितलंत?"

"तुमच्या घरात कोणी गोळ्या घेतंय, हे मला माहीत नव्हतं."

"आमचं घर हितंच व्हतं," ती म्हणाली, आणि आत गेली.

मावशी पडवीतून उठून तिच्या मागोमाग गेली. मी उन्हात उभा राहिलो. आत मावशी तिला विचारत होती, जेवण जातं का, घरात आणखी कुणाला खोकला आहे का.