डावीकडून तिसरा खडा

तुमचं काम कुणी नापास केलं, तर तुम्ही आधी काय तपासता? काम, की नापास करणाऱ्याची नियत?

मी नियत तपासली. सोमवारी सकाळी इथे हिंदी मुलखात, शहराच्या बनी पार्क भागातल्या आमच्या स्टुडिओत मेल आला. आम्ही पाठवलेली दोनशे चाळीस चित्रं एका फटक्यात रिजेक्ट झाली होती. प्रत्येकापुढे कारण एकच: क्वालिटी.

आमचं काम थोडक्यात सांगते. स्टॉक मार्केटप्लेस म्हणजे तयार चित्रांचं ऑनलाइन दुकान. लग्नपत्रिकेला, होर्डिंगला, मासिकाला चित्र लागलं की लोक तिथून लायसन्स घेऊन डाउनलोड करतात. आमच्यासारखे स्टुडिओ तिथे माल ठेवतात, आणि त्याआधी तिथला रिव्ह्यूअर, म्हणजे तपासनीस, प्रत्येक चित्र पाहतो.

आमच्या अकाउंटवर अकरा वर्षं फक्त इकबालभाईंचे फोटो होते. ते आमचे फोटोग्राफर, राहायला शास्त्री नगरात. दागिन्यांचे फोटो काढण्यात त्यांचा हात धरणारा मी अजून पाहिलेला नाही. यंदा मालक माथुर सरांनी ठरवलं, लग्नसराईसाठी एआयने चित्रं बनवायची. नवऱ्या, मेंदी, कुंदनचे हार, झरोके. काम माझ्याकडे आलं. दोन आठवड्यांत मी ढीग घातला.

मेलच्या शेवटी आणखी एक ओळ होती. पुढची बॅचही अशीच निघाली तर अकाउंट बंद होईल. म्हणजे माझ्या चित्रांबरोबर इकबालभाईंचे सगळे फोटोही दुकानातून उतरणार.

"ये लोग एआय से चिढ़ते हैं," माथुर सर म्हणाले. "तुम लिखती अच्छा हो. एक कड़क लेटर लिखो."

मला सांगायचीच खोटी. इचलकरंजीत आमच्या घरी लूम कामगारांच्या युनियनची पत्रकं यायची. मी वाचायला शिकले ती त्यांवरच. अन्यायाविरुद्ध दोन पानं लिहायला मला अर्धा तास पुरतो. मी लिहिलं की हा लहान शहरांतल्या कलाकारांवर अन्याय आहे, की नव्या तंत्राला घाबरणाऱ्यांनी कलेचा दरवाजा अडवू नये. मध्ये एक वाक्य आलं: 'प्रत्येक चित्र आम्ही पूर्ण आकारात तपासलेलं आहे.'

तपासलेलं नव्हतं. मी चित्रं पाहिली होती थंबनेलमध्ये, म्हणजे स्क्रीनवर दिसणाऱ्या काडेपेटीएवढ्या आकारात. पण त्या जागी ते वाक्य शोभत होतं. मी राहू दिलं.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. खाली नाव नव्हतं, नुसतं 'रिव्ह्यू टीम'. पण मजकूर कुणा माणसाने बसून लिहिलेला होता. 'एआयची चित्रं आम्ही घेतो, तशी नोंद केली की झालं. तुमची नाकारली, कारण ती पुरी झालेली नाहीत. चित्र ८७: हारातला डावीकडून तिसरा खडा पाहा. चित्र १४०: झरोक्याचे खांब वर तीन आहेत, खाली दोन. चित्र २०२: मेंदी मनगटावरून बांगडीवर चढली आहे. पूर्ण आकारात तपासलं म्हणता, म्हणून विचारतो. हे तुम्हाला चाललं कसं?'

मी ८७ नंबर उघडलं आणि शंभर टक्के झूम केलं. हार दिसला, खडा काही समजेना.

इकबालभाई चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले होते. "ये नग किसके भरोसे बैठा है?" त्यांनी विचारलं.

"मतलब?"

"कुंदन में हर नग के चारों तरफ सोने की पत्ती दबाते हैं. वही उसे पकड़ती है. यहाँ तो दो नग आपस में घुल गए. पहनते ही गिरेगा." मग एक घोट घेऊन, "और दुल्हन को देखो, हँस रही है."

मग आम्ही एकेक चित्र उघडत गेलो. मशीनने चित्रं लहानच दिली होती, मी ती सॉफ्टवेअरने ताणून मोठी केली होती. याला अपस्केलिंग म्हणतात. जो तपशील मुळात नाही तो सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. त्यामुळे कातडी मेणासारखी झाली होती, ओढणीच्या जरीच्या अळ्या झाल्या होत्या, मोत्यांचा सर कानामागे जाऊन केस होऊन बाहेर आला होता. अशा खोट्या खुणांना आमच्या धंद्यात आर्टिफॅक्ट म्हणतात. काडेपेटीत त्या दिसत नाहीत. होर्डिंगवर हातभर दिसतात, आणि शिव्या चित्र विकत घेणारा खातो.

"इकबालभाई, एक बात बतानी है," मी म्हटलं आणि अकाउंटचं सांगितलं.

"कानोता बाँध वाली, पंछियों की तस्वीरें भी जाएँगी?"

"सगळे. सब."

त्यांनी कप टेबलावर ठेवला. "उसमें एक सारस का जोड़ा है. तीन जाड़े लगे थे." त्या एका फोटोसाठी तीन हिवाळे. ते मला रागावले असते तर बरं झालं असतं.

मी माथुर सरांच्या केबिनमध्ये गेले. "सर, लेटर में जाँचने वाली लाइन झूठी है. माफी माँगनी है. और पूरी बैच वापस लेनी है."

"माफी माँगेंगे तो पकड़े जाएँगे."

"पकड़े जा चुके हैं, सर."

त्यांनी ८७ नंबर स्वतः उघडून झूम केलं. मग म्हणाले, "छोटा लिखना. लंबा लिखना तुम्हारी आदत है."

मी चार ओळी लिहिल्या. तपासलं नव्हतं, चूक माझी आहे, चित्रं मागे घेतो, फोटोग्राफरचा यात काही संबंध नाही.

पुढचे नऊ दिवस मी आणि इकबालभाई एकेक चित्र कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघत बसलो. दागिना ते बघायचे, हात आणि कापड मी. दुरुस्त करण्याजोगी एकोणीस निघाली. बाकीची आम्हीच रिजेक्ट केली, आणि रिव्ह्यूअरपेक्षा जास्त निर्दयपणे. एकोणीस पाठवली, सोळा पास झाली. उरलेल्या तिन्हींपुढे या वेळी कारणं होती. एका चित्रात समई उजवीकडे आणि सावलीही उजवीकडे पडली होती. आम्हा दोघांना ती दिसली नव्हती.

अकाउंट राहिलं. सारस आपल्या जागी आहेत.

मशीन चित्र चाळीस सेकंदांत बनवतं. ते बघायला पूर्वी जेवढा वेळ लागायचा तेवढाच आजही लागतो, आणि तो वेळ वाचवणारं कुठलंही सॉफ्टवेअर मला अजून मिळालेलं नाही. मी ज्याच्यावर अन्यायाचा आरोप केला, त्या न पाहिलेल्या माणसाने माझ्या दोन पानी भडिमाराला खड्याचा नंबर लिहून उत्तर दिलं. त्याला दिवसाला किती चित्रं बघावी लागत असतील, याची मला आता कल्पना आहे. 'क्वालिटी' एवढंच पुन्हा लिहून तो मोकळा होऊ शकला असता. मग मी तिसरं पान लिहिलं असतं, आणि अकरा वर्षांचे फोटो गेले असते. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

तुमच्यापैकी कुणी पेपर तपासत असाल, अर्जांची छाननी करत असाल, कुणाचा लेख, नकाशा, शिवण परत पाठवत असाल, तर माझी एक विनंती आहे. आज ज्याला नाही म्हणाल, त्याला नेमकं कुठे चुकलं ते एका ओळीत लिहून कळवा.