गॅलरीतली क्रेन

सेक्टर दोनमधल्या आमच्या क्वार्टरांचा एक गुण होता. सगळे सारखे. रंग सारखा, जिना सारखा, दाराची कडीही सारखी. शाबूत डोक्याचा माणूसही तिथं चुकायचा, मग आमच्या ह्यांचं काय सांगू! एक दिवस सकाळी फिरायले म्हणून गेले, ते येताना पुढच्याच ब्लॉकमध्ये शिरले. वर चढले, उजवीकडलं दार लोटलं, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "चहा ठेव वो." तिथं एक क्लार्क राहायचे. त्यांच्या बायकोनं बिचारीनं चहा ठेवला, वरून पोहेही दिले. पोहे खाऊन झाल्यावर ह्यांच्या लक्षात आलं, की भिंतीवरचं कॅलेंडर आपलं नाही. बायको आपली नाही हे लक्षात आलं नाही, कॅलेंडर मात्र आलं! त्या दिवशी मी ह्यांले आपल्या कॅलेंडराखालीच बसवून जेवायले वाढलं.

आता हसू येते. तेव्हा हसता हसता डोळे भरून यायचे.

पोलादाचा प्लांट उभा होऊन राहिला होता ते दिवस. हे क्रेन ऑपरेटर. भंडाऱ्याकडे घरी धानाची शेती, बैलांमागं वाढलेला माणूस, तो इकडं येऊन लोखंडाच्या क्रेनवर चढला आणि तिथलाच झाला. वर केबिनमध्ये बसून अख्खा गर्डर असा अलगद टेकवायचे, जशी मी ताटात पोळी ठेवते. एकदा शिडीवरून पाय सटकला आणि पाठीले मार बसला. दवाखान्यात दुखणं कमी व्हायसाठी सुया दिल्या, मग गोळ्या दिल्या, मग पाठ भरत आली तशा बंद केल्या. दवाखान्यानं बंद केल्या, ह्यांनी नाही. बाजारात एक वैदू बसायचा, त्याच्याकडची अफूची काळी गोळी सुरू झाली. आधी दुखते म्हणून घ्यायचे. मग नाही घेतली तर दुखते म्हणून घ्यायचे.

मी काय काय नाही केलं! थांबा म्हटलं, हात जोडले, भांडे आपटले, माहेरी जाते म्हणून पेटी भरली आणि परत रिकामी केली. शेवटी ओढतच डॉक्टरकडे नेलं. त्यानं हळूहळू डोस कमी करत गोळी सोडवली. नाकाले धार, जांभयांवर जांभया, अंगावर काटा, पलंगावर पाय झाडणं. ते दिवस मले आठवायचे नाहीत. पण सुटली. मी देवापुढं नारळ फोडला, आजूबाजूच्या बायांले खोबरं वाटलं, आणि मग कळलं, की गोळी घरातून गेली, पण ह्यांचं डोकं काही घरी आलं नाही.

बोलता बोलता वाक्य अर्धंच राहायचं. कांदे आणायले पाठवलं, तर दुकानासमोर उभे राहून परत यायचे. आंघोळ झाली की नाही हे मलेच विचारायचे. मी पुन्हा डॉक्टरकडे गेली आणि भांडली, की माणूस दिला तो अर्धाच दिला. तो हसला. म्हणाला, "बाई, डोकं बिघडलं नाही, सुस्तावलं आहे. गोळीनं त्याची सवय मोडली. महिने लागतील. झोप, जेवण, चालणं आणि हाताले काम द्या. घाई करू नका." आता घाई न करणं हे काही माझ्या स्वभावात नाही.

ह्यांच्या डिपार्टमेंटचे फोरमन आमच्याच भागातले. मले वहिनी म्हणायचे, पण कामात सख्ख्या भावालेही सोडत नसत. ह्यांले त्यांनी बोलावलं आणि सिग्नल विचारले. क्रेनवाल्याले खालचा माणूस हातानं सांगते, त्याच्यावर वरचा चालवते. अंगठा वर म्हणजे उचल, अंगठा खाली म्हणजे सोड, पंजा उघडा म्हणजे थांब. एवढं ह्यांनी सांगितलं. मग फोरमननं विचारलं, सिग्नल कोणाचा घ्यायचा? हे म्हणाले, नेमलेल्या एकाच माणसाचा. बरोबर. "आणि त्याच्यात सूट कोणती? दुसऱ्याचा सिग्नल कधी घ्यायचा?" इथं गाडी अडली. फोरमननं ह्यांले स्टोअरच्या गेटवर बसवलं आणि मले सांगून पाठवलं, "वहिनी, कोणी त्याले उत्तर सांगू नका. खाली माणसं उभी असतात. डोकं आपोआप चाललं पाहिजे. दिवाळीपर्यंत केबिन रिकामी ठेवतो. नाही तर तो गेटवरच बरा."

गेटवर बसायचं म्हणजे ह्यांच्यासाठी मेल्यासारखंच. संध्याकाळी गॅलरीत उभे राहून दूर दिसणाऱ्या क्रेनांकडे पाहायचे. मले फार वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की मले राग येते. एकदा रागानंच म्हटलं, "तिकडं काय पाहून राहिले? पाठीपायी जिना चढून सामान आणता येत नाही ना? मग ही बाल्टी घ्या, हा दोर घ्या, आणि माझी भाजी वर ओढा."

आमची क्रेन अशी सुरू झाली. मी खाली भाजीवालीजवळ, हे वर गॅलरीत. भाजी बाल्टीत टाकायची आणि मी अंगठा वर करायचा. पहिल्याच दिवशी मी पंजा उघडला तर हे ओढतच राहिले, बाल्टी कठड्याले आपटली आणि वांगे खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईच्या वाळत्या पापडांवर! मास्तरीणबाई आठवडाभर मले पापड मोजून दाखवायची. दुसऱ्यांदा मी अंगठा खाली केला, तर हे स्वतःचा अंगठा पाहत बसले. मी खालून ओरडायची, हे वरून ओरडायचे, "कोणत्याही क्रेनवर सिग्नलवाला एवढं बोलत नाही!"

पण करता करता हात आधी शहाणे झाले, डोकं त्यांच्या मागून आलं. पोळ्याच्या सुमारास मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा न मोडता वर जाऊ लागल्या. मग मी मुद्दाम अंडे ठेवले. आमच्या घरात अंडे खात नव्हते, ते पुढच्या ब्लॉकमधून उसने आणले होते, त्याच पोहेवालीकडून. एकही फुटलं नाही. ब्लॉकमधल्या बाया आपली-आपली कामं टाकून पाहायले यायच्या. मधूनच हे जुनं काही बोलायचे, लग्नातल्या बँडवाल्याची टोपी, माझ्या मामाचं घोरणं. मी स्वयंपाकघरात तोंड फिरवून डोळे पुसायची. फक्त ती सूट काही आठवत नव्हती. रोज विचार करायचे आणि रोज चिडायचे.

दिवाळी जवळ आली. एक दिवस फोरमन ड्युटीवर जाता जाता सायकलवरून आले. वर या म्हटलं तर म्हणाले, "चढत नाही वहिनी, उशीर होऊन राहिला. चहा असंल तर क्रेननं पाठवा. ऐकून आहो बाप्पा, पाहू तरी." मी चहाची केटली बाल्टीत ठेवली, दोराची गाठ मारली आणि धावत खाली आली. फोरमन बरोबर गॅलरीखाली उभे. मी अंगठा खाली केला. बाल्टी येऊ लागली, अगदी अलगद. ऊन माझ्या डोळ्यांवर, नजर ह्यांच्या तोंडावर.

अर्ध्यावर बाल्टी थांबली.

मी अंगठा खाली केला. नाही. पुन्हा केला. हे ढिम्म. म्हटलं गेलं, पुन्हा डोकं गेलं, आणि तेही फोरमनसमोर. "सोडा ना, कावून थांबले?" मी ओरडली. तर ह्यांनी एका हातानं दोर धरून दुसऱ्यानं माझ्या मागं दाखवलं. रस्त्याच्या कडेले आमची छत्तीसगढी भाजीवाली हात वर करून उभी होती, पंजा सताड उघडा. "रुक गा!" म्हणून राहिली होती. माझी घाईघाईची गाठ बाल्टीच्या कडीवरून सुटत चालली होती, आणि बरोबर खाली फोरमनचं टक्कल.

फोरमन बाजूले झाले, हात वर करून बाल्टी धरली, केटली काढली, मग वर पाहून विचारलं, "तुझा सिग्नल तर वहिनीचा. त्या बाईचा कावून घेतला?"

हे चटकन म्हणाले, "थांबा कोणीही म्हणो, थांबायचं." म्हणून गेले. दोर तसाच हातात. आपण काय बोललो ते त्यांले नंतर ऐकू आलं. हीच ती सूट!

फोरमननं तिथंच उभ्यानं चहा पिला. सायकलवर बसताना म्हणाले, "सोमवारी फर्स्ट शिफ्टले ये. आणि वहिनी, गाठ मारणं शिका." भाजीवालीले मी त्या दिवशी केटलीतला उरलेला चहा दिला, फराळ दिला, आणि भाजीचा भाव केला नाही.

त्या रात्री जेवताना मी विचारलंच. इतके दिवस पोटात होतं. "मीही थांबा म्हटलं होतं ना गोळीच्या वेळी? तेव्हा कावून नाही थांबले?"

ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "तेव्हा केबिनमध्ये मी नव्हतो. गोळी बसली होती."

मी त्यांच्या ताटात भात वाढला. पुन्हा वाढला. त्यांनी पंजा उघडून दाखवला, हसले, मग दोन्ही पंजे उघडले. मी काही थांबली नाही, वाढतच राहिली.