विणकर गावातले पँटवाले आजोबा

मंडळी, आज वडिलांना सोलापूरबाहेरच्या नव्या थीम पार्कातलं जुन्या काळचं 'विणकर गाव' दाखवायला नेलं. त्यांची हयात मागावर गेली.

तिथल्या हातमागावर एक धागा तुटलेला दिसला. वडिलांनी पुढे बांधलेल्या दोरीवरून वाकून सरळ गाठ मारली.

रखवालदार म्हणाला, "आजोबा, हात लावू नका की. शोभेचा माग हाय."

आत्ता आमच्या पार्कप्रेमींच्या ग्रुपवर कुणीतरी वडिलांचा मागावर वाकलेला फोटो टाकलाय. "गाव लई भारी, पण हे पँटवाले आजोबा थीम बिघडवतात." खाली सगळ्यांचे अंगठे.

भांडू तरी कसा? सकाळी याच ग्रुपवर तिथल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीबद्दल हीच तक्रार मी केली होती.

शेजारी बसलेले वडील विचारतायत, "फोटो आले का रे? दाखव की."

काय दाखवू?