मागच्या सीटवरची पोरगी

गाडी शिकवणाऱ्या त्या बाईला सगळे ब्रेकबाई म्हणत. शिकवणाऱ्यांच्या गाडीत असतो तसा तिच्या लाल गाडीतही शेजारच्या सीटच्या पायाशी एक जादा ब्रेक होता, आणि तो दाबायला ती कायम तयार असे. स्वभावाने ती भित्री. पण भित्र्या माणसाला धोका लांबून दिसतो, आणि तिच्या धंद्यात तेच भांडवल होतं.

तिचा शेवटचा धडा मात्र दुसरं कुणी शिकवत नसे. तिचं म्हणणं असं, की वयात आलेली पोरं एकटी असली की शहाणी असतात, मागे मित्र बसले की अक्कल गहाण टाकतात. म्हणून शेवटच्या दिवशी ती आपल्या मुलीला मागे बसवायची आणि चालवणाऱ्याला चिथवायला सांगायची. मुलगी सुरू व्हायची, "अरे, तो सायकलवाला बघ पुढे गेला! घे जोरात! गाडी चालवतोयस की पाळणा हलवतोयस?" हे ऐकूनही जो आपल्याच वेगाने जाईल तो पास. हरभऱ्याच्या झाडावर चढवण्यात मुलीचा हात धरणारं कुणी नव्हतं. एखादा चढलाच, तर ब्रेकबाई पायाखालचा ब्रेक अगदी हळूच दाबायची. चारचौघांत पोराचा पाणउतारा कशाला? त्याला वाटायचं, आपणच सावरलो. नंतर ती त्याला बाजूला घेऊन समज द्यायची. मुलगी तोवर खिडकीबाहेर बघत पुढचा टोमणा जुळवत असायची.

त्या रविवारी दुपारी मुलगी म्हणाली, "गोगलगायीची नवी गाडी आलीय. डोंगरावर फिरून येतो सगळे."

गोगलगाय म्हणजे दाताच्या डॉक्टरांचा मुलगा, ब्रेकबाईकडेच शिकलेला. नाव मुलीनेच ठेवलेलं. आपलाच विद्यार्थी म्हटल्यावर ब्रेकबाईने बिनघोर हो म्हटलं. बिनघोर होण्याची तिला सवय नव्हती. तिथेच चुकलं असावं.

ती कपडे वाळत घालत होती तेव्हा फोनवर एक व्हिडिओ आला. मुलीनेच मैत्रिणींना पाठवताना चुकून आईलाही पाठवलेला. वेगाचा काटा, काचेवर धावून येणारं वळण, गाडीभर हसणं. आणि सगळ्यांच्या वर मुलीचा आवाज: "घे जोरात! गाडी चालवतोयस की पाळणा हलवतोयस?"

ब्रेकबाईने तो पुन्हा लावून ऐकला. शब्द तिचेच होते. तिनेच बसून पोरीला शिकवले होते.

तिने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावणार, एवढ्यात मनात आलं, फोन उचलायला कुणी वळलं आणि त्यानेच घात झाला तर? मग तिला फोनचीही भीती वाटायला लागली. ओला टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून ती लाल गाडीत बसली आणि डोंगराच्या रस्त्याला लागली. प्रत्येक वळणाआधी ती हॉर्न वाजवायची. वळणापलीकडे रस्ता रिकामा दिसला, की क्षणभर बरं वाटायचं आणि लगेच दरीकडे नजर जायची. कठडा कुठे तुटलाय का, हे ती बघत होती आणि बघायचं नाही असंही स्वतःला सांगत होती. देवा, हात मोडू दे, पाय मोडू दे, पण पोरगी असू दे, असं ती मोठ्याने बोलत होती.

चौथऱ्यासारख्या एका सपाट खडकाजवळ ती गाडी दिसली. दरीच्या नव्हे, डोंगराच्या बाजूच्या चरात तोंड खुपसून उभी. पोरं रस्त्याकडेला बसली होती. मुलीच्या कपाळावरून रक्त येत होतं, पण ती बसलेली होती. ब्रेकबाईने खांद्यावरचा टॉवेल तिच्या कपाळावर दाबला.

"काय शिकवलं होतं मी तुला?" ती गोगलगायीवर ओरडली.

पोरगा पांढराफटक पडला होता. "लक्ष द्यायचं नाही म्हणून, बाई. दिलं नव्हतं मी. बराच वेळ दिलं नव्हतं. पण ती तुमची मुलगी ना. मला वाटलं, किती चालतं ते तिला माहीत असेल."

ब्रेकबाई मुलीकडे वळली.

"मला वाटलं, तो करेल हळू," मुलगी म्हणाली. "कितीही ओरडलं तरी शेवटी सगळेच हळू करतात ना गं, आई?"

ते सगळे तिच्या पायाने हळू होत होते, आणि पोरांची लाज राखता राखता तिने ही गोष्ट घरातल्या पोरीलाही कधी सांगितली नव्हती. आज पहिल्यांदा तिला स्वतःचीच भीती वाटली.

"तो ब्रेक मी दाबायचे," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी."

मुलीने कपाळावरचा टॉवेल स्वतःच्या हातात घेतला.

"चला, बसा सगळे. आधी दवाखाना." ब्रेकबाईने घाईघाईने सगळ्यांना गाडीत कोंबलं आणि गाडी सुरू केली. गिअर पडेना. पुन्हा टाकला, गाडी हिसका देऊन बंद पडली. मागे सगळे चिडीचूप. बाईंना कोण बोलणार?

"आई, थांब," मुलगी म्हणाली. आवाज इतका बारीक की आधी ऐकूच आला नाही. "तुझे हात बघ. तू आत्ता चालवायचं नाहीस."

"मला शिकवू नकोस. रक्त येतंय तुझं."

"येऊ दे. मी टॉवेल दाबून धरते. गोगलगायीच्या बाबांना बोलावू. पण मी अशी येणार नाही." आणि तिने दार उघडून एक पाय खाली ठेवला.

ब्रेकबाईने किल्ली काढली आणि मागे न बघता मुलीच्या हातात दिली. मग स्टिअरिंगवर डोकं टेकून ती सगळ्या पोरांदेखत रडली.