पलीकडचा काठ

"ग्रॅज्युएट, पलीकडचा काठ दिसते का?"

पाण्याजवळ पोचलं की काका आधी हेच विचारायचे. कपाळावर हाताची झापड, मान जराशी वाकडी. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, पाण्याशी येऊन पाण्याकडे न पाहता त्याच्या पार पाहणारा. काकांना मात्र पारचं काही दिसायचं नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दूरचं सगळं दुधात कालवल्यासारखं. म्हणून त्यांना माझे डोळे लागायचे, आणि माझी मोटारसायकल.

यवतमाळला ते आमच्या शेजारी राहायचे. लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, म्हणून त्यांनी माझं नावच ग्रॅज्युएट पाडलं. त्यात अर्धी थट्टा होती. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू.

तरुणपणी त्यांची नोकरी कोकणात होती. तिथल्याच मुलीशी लग्न करून ते तिला इकडे घेऊन आले. समुद्राच्या आवाजात वाढलेली बाई कापसाच्या मुलखात आली आणि राहिली. मी सांगतो त्या दिवसांत काकूंच्या किडन्या गेल्या होत्या. दिवसाआड डायलिसिस, मधला दिवस शीण काढण्यात जायचा, रविवार तेवढा मोकळा. कोकणापर्यंतच्या प्रवासाला डॉक्टर नाही म्हणाले. त्या संध्याकाळी भाजी निवडता निवडता काकू म्हणाल्या, "एकदा पाहायला हवा होता." काय, ते त्यांनी सांगितलं नाही. काकांना ते विचारावं लागलं नाही.

तिथून आमचा शोध सुरू झाला. जागा जवळ हवी, पायाला वाळू लागायला हवी, आणि पलीकडचा काठ दिसायला नको.

निळोण्याच्या धरणावर मी म्हणालो, "पाणी चांगलं आहे, काका."

"काठ?"

"दिसते ना. वर टॉवर बी आहे."

"मंग हा तलाव झाला. चाल."

एकदा मुकुटबनकडून पैनगंगेवर गेलो होतो. वाळू अशी की बसल्यावर उठवेना. काकांनी चपला काढून पाय रोवले होते. मी म्हणालो, "पलीकडं तेलंगणा दिसून राह्यला."

"आख्खं राज्यच दिसते? मंग कायच्या कामाचं," म्हणत त्यांनी चपला घातल्या.

मी वैतागायचो. "आधी डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या न. मंग तुमचे तुम्हीच पाहा."

"मी पट्टी बांधून बसलो, तर तिच्या खाटेपाशी कोन बसन?"

हिवाळ्यात एका सकाळी बेंबळा धरणाच्या पाण्यावर गेलो. दाट धुकं होतं. पाणी पुढे जात जात आभाळातच शिरलेलं. वाळू नव्हती, बारीक मुरूम होता. काकांनी तो तळव्यानं घासून पाहिला आणि पास केला.

"ग्रॅज्युएट?"

"नाही दिसत, काका."

"नीट पाह्य."

"खरंच नाही दिसत."

ते तिथंच खाली बसले. बराच वेळ उठले नाहीत.

पुढच्या रविवारी ओळखीच्या माणसाच्या ओमनी गाडीतून काकूंना नेलं. त्यांना सकाळी उठवत नसे, म्हणून दुपारनंतर. धुक्याचा मागमूस नव्हता. पलीकडचा काठ लख्ख दिसत होता. तुरीचं शेत, विजेचा पोल, पोलाखाली बकऱ्या. काका मात्र झापड करून उभे. त्यांच्यापुरती अजून तीच सकाळ होती. या वेळी त्यांनी मला विचारलं नाही.

"काय वो, काठ दिसते का?"

काकूंनी समोर पाहिलं. बकऱ्या पुढे सरकल्या, तशी त्यांची नजरही सरकली. मग त्या म्हणाल्या, "नाही हो. कुठं दिसतो?"

त्यांनी पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. "मीठ तेवढं कमी आहे."

"पुढच्या रविवारी पुडाच आनतो."

आणि आणला. काकूंना मीठ बंद होतं, म्हणून काकांनी पुडा फोडून सगळा पाण्यात ओतला. "धरण नासवाल," काकू म्हणाल्या, आणि त्या इतक्या हसल्या की त्यांना धरून बसवावं लागलं.

तब्येतीनं जितके रविवार दिले तितके आम्ही गेलो. उन्हाळ्यात काकू गेल्या.

मग काकांनी डोळे करून घेतले. अडवायला आता काही उरलं नव्हतं. हिवाळा लागल्यावर एका दुपारी दारात येऊन म्हणाले, "ग्रॅज्युएट, गाडी काढ."

बेंबळ्याला ते हात खाली सोडून उभे राहिले. झापड नाही, प्रश्न नाही. पाणी चकाकत होतं.

"थो पोल आहे न?"

"हो."

"तवाबी होता?"

"होता, काका."

त्यांनी मान हलवली. वारा सुटला होता, पाणी मुरमावर येऊन परत जात होतं. ते म्हणाले, "सुईत दोरा तर शेवटपर्यंत तिनंच ओवला, चष्म्याबिगर."

मग चपला काढून ते घोट्याइतक्या पाण्यात गेले, वाकले आणि ओलं बोट जिभेला लावलं.

पुढे ते लेकीकडे नागपूरला गेले. तिथंच वारले. त्यांच्या खोलीत आता दुसरं बिऱ्हाड आहे.

बेंबळ्याला मी अजून जातो. दुपारी नाही जात. सकाळीच जातो, धुकं उठायच्या आत.