गाडीशी बोलणारा

तुमसरचा तो जीपवाला गाडीशी बोलायचा. चढ आला की स्टिअरिंग थोपटून म्हणायचा, "चाल माय, जरासाच राहिला."

गोंदिया वेगळा जिल्हा झाल्यावर आम्ही चौघे त्याच्याबरोबर चिखलदऱ्याला, ज्वालामुखीतून घडलेले ते काळे कडे पाहायला गेलो. पहाटे निघून दुसऱ्या रात्री परतायचं होतं. परतीच्या घाटात त्यानं गाडी डोंगराला टेकवून थांबवली.

"पायी या जी. गाडी दमली."

आम्ही कुरकुरत उतरलो. तो एकटाच पहिल्या गिअरमध्ये, डोंगराला घासत खाली गेला. पायथ्याशी मेकॅनिकनं सांगितलं, ब्रेक निकामी झाले होते.

"काहून नाही सांगितलं?" मी विचारलं.

"सांगतलो असतो त तुमी मले एकट्याले जाऊ देलं असतं का जी?"

नसतं दिलं, असंच मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. खरं म्हणजे, मी दिलं असतं.